अर्ध्या कपाचं माप

उकंडरावांच्या घराण्यात पोरीच्या लग्नाची सुपारी फुटायची ती घरातल्या सगळ्यात थोरल्या पुरुषाच्या हातून. दोन्हीकडची माणसं ओसरीत बसली की थोरल्यानं देवापुढची सुपारी उचलायची, अडकित्त्यात धरायची आणि सगळ्यांदेखत एका दाबात फोडायची. फुटली की लग्न पक्कं. मग आभाळ कोसळो, शब्द फिरायचा नाही. नेम चांगला होता. अडचण एवढीच होती की सध्या घरातले थोरले पुरुष खुद्द उकंडराव होते, आणि सकाळच्या पारी त्यांच्या हातात अडकित्ता देणं म्हणजे त्यांच्याच अंगठ्याचा निकाल लावणं होतं.

उकंडरावांच्या नातीसाठी, पुष्पीसाठी, पाहुणे दहाला यायचे होते. सहा वाजता चुलीपाशी तिघांची बैठक बसली. कौशल्याबाई पोह्यांसाठी शेंगदाणे भाजत होती. तिचा नवरा, उकंडरावांचा मुलगा हिंमतराव, पाटावर बसून काडीनं जमीन उकरत होता. आणि नणंद बनाबाई, जिनं हे स्थळ आणलं होतं आणि त्यासाठी वडनेर भोलजीहून कालच येऊन बसली होती, ती उभ्यानंच बोलत होती.

"मी फोडतो सुपारी," हिंमतराव म्हणाला. "मी का लहान हावो?"

"तू फोडशीन त ते इचारतीन, आबा जित्ते असून तू काऊन?" बनाबाई म्हणाली. "कडूबा पाटलाचा निरोप हाये, दादा. सुपारी आबाजीच्याच हातची पाहिजे. एवढा भक्त माणूस, त्याचा हात लागला म्हणजे पोराचं सोनं होईन म्हणते."

भक्त हा शब्द ऐकून कौशल्याबाईनं शेंगदाणे जरा जोरात हलवले. कारण हा भक्त तिनंच घडवला होता.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. उकंडराव नाल्यापलीकडे जांभळीखाली आडवे होते आणि दारात शेजारीण विचारत होती, मामाजी कुठं गेले? तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "शेगावले गेले." तेवढ्यावर भागलं. पुढे ते नाल्यापलीकडे गेले की घरचे सगळेच शेगावला गेले म्हणू लागले. सरकारनं दारूबंदी केली, महाराष्ट्र झाला, त्यालाही चार वर्षं होऊन गेली. उकंडरावांचा नाला काही सुटला नाही, आणि त्यामुळे शेगावही सुटलं नाही. गेल्या वीस वर्षांत त्यांच्या शेगावच्या इतक्या फेऱ्या झाल्या होत्या की बाजारात लोक त्यांच्या पाया पडत. एकदा दोन बायका प्रसाद मागायला आल्या. कौशल्याबाईनं डब्यातली खडीसाखर त्यांच्या हातावर ठेवली. एकीच्या पोराचा ताप उतरला, आणि मग तर बोलायलाच नको.

"न देता बसोलं त हात हालतीन," हिंमतराव काडीकडे बघत म्हणाला. "देल्ली त..."

"त गातीन," बनाबाई म्हणाली. "लोणारच्या पाहुण्यांपुढे गायले तसे. ते भजन होतं म्हणून सांगतलं आपुन. कोणाले पटलं? पत्रिका जुळत नाही म्हणे! पत्रिका पाह्यलीच नव्हती त्याहिनं. आता हे दुसरं स्थळ हाये. हेबी गेलं त लोक पोरीतच खोट काढतीन. वहिनी, तुमी काऊन गप?"

"मी पाहतो," कौशल्याबाई म्हणाली.

हिंमतराव लगेच उठला आणि बैलांकडे गेला. कौशल्याबाई काय पाहणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक नसल्याचं ढोंग करायची त्याची लहानपणापासूनची सवय होती. बाप खोकला की पोर गोठ्यात, बाप ओरडला की पोर वावरात. आता तो पंचेचाळिसाचा होता, तरी गोठाच जवळ करत असे.

पुष्पी उठायच्या आत कौशल्याबाईनं ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून बाटली काढली. माप म्हणून एक कान तुटलेला कप होता. त्या कपाची सगळी गणितं तिला तोंडपाठ होती. अर्ध्या कपात उकंडरावांचे हात थांबत. पाऊण कपात ते गोड बोलत. एका कपात गात. दीड कपाला ते मेलेल्या भावाशी बांधावरून भांडत आणि जे हाताला लागेल ते फेकत. सासूबाईंच्या कपाळावरची खूण पितळी तांब्याची होती. दोन कपांनंतर ते जिथे असतील तिथे झोपत. तेव्हा घर जेवायला बसे. हे माप तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिची लेक पुष्पी तर चार वर्षांची असताना अंगणातल्या पावलांच्या आवाजावरून सांगायची, आज आबाजी गाणार की मारणार. आल्यागेल्याला त्याचं कौतुक वाटे. कौशल्याबाईला आतून चिरल्यासारखं होई.

उकंडराव पडवीत बाजेवर बसले होते. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, कप उंबऱ्यावर ठेवला आणि मांजरीकडे तोंड केलं. सासऱ्याशी सुनेनं समोरासमोर बोलायचं नाही ही त्या घरची रीत होती. वीस वर्षांत ती त्यांच्याशी एक शब्दही थेट बोलली नव्हती. जे काही बोलणं व्हायचं ते मांजरीमार्फत. ही तिसरी मांजर होती.

"मने, सांग त्याहिले. अर्धाच हाये. आज याच्यावर मिळणार नाही."

"मने, तिले म्हण, पाऊण देल्ला असता त बरं झालं असतं," उकंडराव मांजरीला म्हणाले. "पाहुण्याशी गोड बोलाले पाहिजे का नाही?"

"मने, त्याहिले सांग, बोलाचंच नाही. फक्त बसाचं, अन् सुपारी फोडाची. पुष्पीचा सवाल हाये."

पुष्पीचं नाव निघाल्यावर त्यांनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले. कप त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. थोडी धोतरावर सांडली. मांजर जांभई देऊन निघून गेली.

पाहुणे दहाला म्हणून साडेदहाला आले. छकड्यातून मुलाचे वडील कडूबा पाटील उतरले, त्यांच्यामागून मुलाचा मामा, आणि शेवटी मुलगा. मुलाचं नाव गुलाब. मॅट्रिक झालेला, उंच, पांढरा स्वच्छ सदरा, केस पाणी लावून बसवलेले. दाराआडून बघताना कौशल्याबाईचा ऊर भरून आला. पुष्पीला शोभेल असा होता. पुष्पीनंही खिडकीतून एकदा बघून घेतलं होतं आणि नंतर दोनदा वेणी सोडून घातली होती.

कडूबांनी आल्या आल्या उकंडरावांचे पाय धरले. "आबाजी, तुमच्या घरची पोरगी म्हणजे आमाले परसादच."

उकंडरावांनी मान हलवली. अर्ध्या कपाच्या जोरावर ते इतके शांत बसले होते की नुकतेच समाधीतून उठलेत असं कुणालाही वाटलं असतं. हिंमतरावाच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी बापाचा अभिमान दिसला.

पोहे झाले. पुष्पी चहा घेऊन गेली. कपबश्या शेजारच्या नसीमाभाभींच्या होत्या, सहाच्या सहा सारख्या, निळ्या काठाच्या. गुलाबनं कपबशी उचलली आणि ती वाजायला लागली. टिकटिकटिक. त्यानं चटकन खाली ठेवली.

"लाजून राह्यला पोट्टा!" बनाबाई म्हणाली, आणि सगळे हसले. कडूबाही हसले, पण त्यांचं हसू जरा आधी सुरू झालं आणि जरा आधीच संपलं.

दाराआड कौशल्याबाई हसली नाही. हा आवाज तिच्या कानांच्या ओळखीचा होता.

"जरा पाय मोकळे करून येतो," गुलाब म्हणाला आणि बाहेर छकड्याकडे गेला. चहावर साय धरली. कडूबा पाऊसपाण्याचं बोलत राहिले. पाऊसपाण्यावर बोलावं इतकं त्या साली काही घडलं नव्हतं, तरी बोलत राहिले. गुलाब परत आला तेव्हा तोंडात वेलची होती. त्यानं तो गारढोण चहा बशीत ओतला, बशी उचलली आणि प्याला. थेंब सांडला नाही.

अर्धा कप, कौशल्याबाईच्या मनानं आपसूक माप घेतलं. मग तिनं स्वतःला दटावलं. लाजला असेल पोरगा. परक्या घरी कुणाचा हात कापत नाही? पण लाज काही छकड्यापर्यंत जाऊन वेलची खाल्ल्यानं जात नाही. ती दारापासून मागे सरली आणि देवघरात आली.

"चला, मग शुभस्य शीघ्रम्," मामा म्हणाला. "आबाजी, घ्या सुपारी."

सुपारी आणायला उकंडराव उठून आत देवघरात आले. देव म्हणजे भिंतीतला एक कोनाडा. कौशल्याबाई तिथेच उभी होती. उकंडरावांनी आजूबाजूला मांजर शोधली. ती नव्हती. मग ते देवांकडे तोंड करून हळू आवाजात बोलले.

"देवा, तिले सांग. तो पोट्टा घेते."

कौशल्याबाईनं पदर तोंडावर धरला.

"आजचं नाही हे. सकाळी उठल्या उठल्या घेते, तवा त्याचा दिवस सुरू होते. याच्यात मले कोणी फसवू शकत नाही. बाकी मले काही समजत नसंन, हे समजते." ते थांबले. "माहे हात चाळिशीत हालाले लागले होते. हा चोविसाचा हाये."

चोविसाचा. पुष्पी अठराची. कौशल्याबाईला पुष्पीच्या हातात एक कान तुटलेला कप दिसला, आणि पुष्पीची कुणी चार वर्षांची पोर अंगणातली पावलं ओळखताना दिसली.

"देवा, त्याहिले सांग, मंग सुपारी फोडू नका म्हणा," ती कशीबशी म्हणाली.

"कारण काय सांगू? हा पेते हे मले कसं समजलं म्हणून इचारतीन, त काय सांगू? शेगावात दृष्टान्त झाला म्हणू?" उकंडरावांनी नाक पुसलं. "अन् खरं सांगतलं त दारुड्याचं कोण आयकते. एकच रस्ता हाये. देवा, तिले म्हण, मले अजून अर्धा आण. म्हणजे पुरा एक होईन. मी बाहेर जाऊन गातो. तिनं एक आणला त दीड होईन, मंग तांब्या फेकतो. ते उठून जातीन. माह्या नावावर टाक हे. तसंबी माह्या नावावर लई हाये."

हे बोलताना त्यांचे डोळे ओले होते, आणि जीभ ओठांवरून फिरत होती. हा त्याग होता की तहान, हे कौशल्याबाईला सांगता आलं नसतं. बहुधा दोन्ही होतं. त्या माणसाचं आयुष्यभर असंच चाललं होतं.

तिचा पाय कणगीकडे वळला. सोपं होतं. वीस वर्षं जे करत आली तेच, फक्त दुप्पट. लोक सासऱ्याला शिव्या देतील, ती पदर डोळ्यांना लावेल, स्थळ जाईल. पण मग तिसरं स्थळ आलं की पुन्हा शेगाव, पुन्हा अर्धा कप, पुन्हा दाराआडून कान लावणं. आणि गुलाबच्या घरातलं कुणीतरी अगदी हेच करत आलं असणार. त्याची आई असेल. तिच्या पदराच्या गाठीला वेलची असेल.

"नाही," ती देवांना म्हणाली, आणि कणगीकडे न जाता तशीच उभी राहिली. उकंडरावांनी वाट बघितली. मग सुपारी आणि अडकित्ता उचलून ते ओसरीत गेले. त्यांचा हात अजून स्थिर होता. मापात कसूर नव्हती.

त्यांनी सुपारी अडकित्त्यात धरली. कडूबांनी हात जोडले. बनाबाईनं डोळे मिटले.

कौशल्याबाई उंबरा ओलांडून बाहेर आली. पदर कपाळापर्यंत होता, पण तोंड सरळ सासऱ्याकडे होतं.

"मामाजी, सुपारी फोडू नका."

त्या घरात भिंत बोलली असती तरी लोक एवढे दचकले नसते. उकंडरावांच्या हातातून अडकित्ता निसटून मांडीवर पडला.

"वहिनी! आत जा," बनाबाई म्हणाली.

"बाई, इथं पुरुष बसेल हायेत," मामा म्हणाला.

"पाहतो मी. मुलाचा हात हालते. आता बाहेर जाऊन आला तवा थांबला." तिनं छकड्याकडे बोट दाखवलं. "कायनं थांबला ते मले समजते. मी वीस वर्षं हेच करून राह्यलो या घरात."

कडूबांचा चेहरा लाल झाला. "काय बोलता तुमी? आबाजीसारख्या देवमाणसाच्या घरात हे असं बोलणं? ज्या घरचा माणूस शेगावले..."

"मामाजी शेगावले जात नाहीत," कौशल्याबाई म्हणाली. "नाल्यापलीकडे जातात. शेगाव मी सांगतलं होतं. माही चूक झाली."

हिंमतराव उठून गोठ्याकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. पुढेही गेला नाही, मागेही आला नाही.

सगळे उकंडरावांकडे बघू लागले. म्हाताऱ्यानं एकदा सुनेकडे बघितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा मध्ये मांजर नव्हती, देवही नव्हता.

"खरं हाये," ते म्हणाले. "आज सकाळीबी घेतली. अर्धा कप. हिनंच मोजून देल्ली." मग ते कडूबांकडे वळले आणि अगदी व्यवहाराच्या आवाजात बोलले. "पाटील, सूनबाईचं खोटंबी असंन. एक करा. मीबी इथंच बसतो, तुमचा पोरगाबी बसू द्या. दुपारपावतर कोणी उठाचं नाही. छकड्याकडे जाचं नाही. दुपारी दोघाच्याबी हातात चहाची कपबशी देऊ. याची नाही वाजली त मी सुपारी फोडतो, अन् सूनबाई तुमची माफी मांगीन."

गुलाबनं बापाकडे बघितलं. कडूबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी टोपी उचलली.

"आमाले उशीर होऊन राह्यला," ते म्हणाले.

अजून बारा वाजले नव्हते. कशाला उशीर होतो आहे, हे कुणी विचारलं नाही. छकडा वळला, खडखडला आणि वेशीकडे गेला. गुलाब मागे तोंड करून बसला होता. लांबून तो फारच पोरगेला दिसत होता, आणि कौशल्याबाईला त्याचीही दया आली.

त्यानंतर बनाबाईनं जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. घराण्याचं नाक कापलं, पोरीच्या तोंडाला काळं फासलं, बापाला गावापुढे उघडं केलं, आणि वडनेरात तिनं आता कोणत्या तोंडानं जायचं. प्रत्येक गोष्ट खरी होती. कौशल्याबाईनं एकही खोडून काढली नाही. शेवटी बनाबाईच रडायला लागली. ती लहान असताना तिच्याही सोयरिकीच्या वेळी आबा कुठे तरी पडले होते, आणि सुपारी चुलत्यानं फोडली होती. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कौशल्याबाईनं तिला पाणी दिलं.

हिंमतराव गोठ्यातून आला. बायकोसमोर उभा राहिला. "जरा हळू बोलता आलं नसतं काय?" एवढंच म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, काहीतरी चुकल्यासारखा, "बाटली कणगीत हाये ना?"

"तुमाले माईत होतं?"

"लहानपणी माय तिथंच ठेवे," तो म्हणाला.

पाहुणे गेल्यावर पुष्पीनं वेणी सोडून टाकली. जेवली नाही. वेणी सोडलेली तशीच होती. कौशल्याबाईनं दोनदा तिच्याजवळ जाऊन बघितलं आणि दोनदा परत आली. पोरीनं आपल्याला जन्मभर माफ केलं नाही तर काय करायचं, ह्याचं माप तिच्याजवळ नव्हतं.

उकंडरावांना दुपारी कप मिळाला नाही. त्यांनी मांजरीला दोनदा सांगून बघितलं. मांजरीनं निरोप पोचवला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी बिचकत बिचकत थेट सुनेलाच विचारलं, "बाई, थोडी?"

"नाही मामाजी," ती थेट म्हणाली. तोंड आता उघडलंच होतं, पुन्हा मांजरीकडे वळण्यात अर्थ नव्हता.

दिवस कलल्यावर ते काठी घेऊन निघाले. सकाळचं देवपण उतरलं होतं आणि हात पुन्हा लटपटत होते. ते नाल्याच्या वाटेनं गेले. कुणी अडवलं नाही. अडवून ते राहिले असते, अशी कुणाची समजूतही नव्हती.

दिवेलागणीला नसीमाभाभी कपबश्या न्यायला आल्या. त्यांच्याबरोबर मळ्यातली चांगुणाही टेकली. छकडा रिकामाच परत गेला हे गावभर झालं होतं, आणि त्याचं कारण कळेपर्यंत चांगुणाला घास गोड लागणार नव्हता.

"आबाजी दिसत नाहीत," ती इकडेतिकडे बघत म्हणाली. "शेगावले गेले काय?"

बनाबाईचं तोंड सवयीनं उघडलं. हिंमतरावानं जमिनीवर काडी शोधली. कौशल्याबाईनं श्वास घेतला, पण सकाळी सगळं बळ खर्च झालं होतं.

पुष्पी मोरीपाशी निळ्या काठाच्या कपबश्या पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

"नाही मावशी," ती म्हणाली. "नाल्यापल्याड गेले. दारू प्यायाले."

मग तिनं सहावा कप पुसून बशीवर ठेवला, सहाही कपबश्या नसीमाभाभींच्या हातात दिल्या आणि विचारलं, "आई, भाकरी टाकू?"

"टाक," कौशल्याबाई म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून पोटभर रडली.